डिस्क ब्रेकचं थर्मल अ‍ॅनालिसिस: तोच पेपर पुन्हा का लिहायचा?

डिस्क ब्रेकवर काम करायचं ठरवलं, की लिटरेचर सर्व्हेच्या पहिल्याच आठवड्यात तुम्हाला एक पेपर भेटतो. त्याचं नाव घेत नाही, कारण तो एक पेपर नाहीच. लेखक बदलतात, कॉलेज बदलतं, गाडीचं मॉडेल बदलतं, पेपर तोच राहतो. प्रस्तावनेत 'ब्रेक ही वाहनातली अत्यंत महत्त्वाची यंत्रणा आहे' हे वाक्य. मग सॉफ्टवेअरमध्ये काढलेली डिस्क. मग तीन-चार मटेरियल: ग्रे कास्ट आयर्न, स्टेनलेस स्टील, अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट, हौस असेल तर कार्बन-कार्बन. मग अ‍ॅन्सिसमधली लाल-पिवळी-निळी चित्रं आणि एक तक्ता. शेवटी निष्कर्ष: अमुक मटेरियलचं कमाल तापमान सर्वांत कमी आलं, म्हणून तेच सर्वांत योग्य.

हा पेपर मी खूपदा वाचलाय, आणि एकदा लिहिलाही आहे. माझं एमईचं डिझर्टेशन हेच होतं. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी रंगीत पानं भराभर उलटली आणि एकच विचारलं, "एकदा ब्रेक मारून गाडी थांबवली तर डिस्क किती अंश तापेल, हे सॉफ्टवेअर न उघडता सांगा." मला सांगता आलं नाही. उत्तर पाच मिनिटांचं होतं आणि मी त्या विषयावर दोन वर्षं घालवली होती.

तुमची दोन वर्षं अजून जायची आहेत, म्हणून ही पोस्ट. या प्रकारच्या पेपरमध्ये नेमकं काय चुकतं ते बघू. 'सिम्युलेशन वाईट, प्रयोग चांगला' असं मला म्हणायचं नाही. मुद्दा वेगळा आहे: या पेपरमध्ये प्रश्नच नसतो, आणि प्रश्न नसला की उत्तर इनपुटमध्येच बसलेलं असतं.

आधी कागद-पेन्सिल

परीक्षकांचं ते गणित करून टाकू. गाडी १२०० किलोची, वेग ताशी १०० किमी, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. गतिज ऊर्जा साधारण ४६३ किलोज्यूल. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, म्हणून ७० टक्के काम पुढच्या दोन ब्रेकवर धरू. एका पुढच्या डिस्कच्या वाट्याला १६२ किलोज्यूल आले. डिस्क ६ किलोची, कास्ट आयर्नची, म्हणजे आपल्या वर्कशॉपच्या भाषेत बिडाची. बिडाची विशिष्ट उष्णता किलोमागे, अंशामागे सुमारे ५०० ज्यूल. भागाकार करा: ५४ अंश. थोडी उष्णता पॅडकडे जाते, म्हणून पन्नासच्या आसपास म्हणा. झालं.

आता या गणितात काय काय लागलं नाही ते बघा. मेश लागला नाही. उष्णतावाहकता लागली नाही. पंख्यासारख्या त्या आतल्या पात्या लागल्या नाहीत. एका थांबण्यात डिस्कचं सरासरी तापमान किती वाढेल हे ऊर्जा, वस्तुमान आणि विशिष्ट उष्णता एवढ्या तीनच गोष्टी ठरवतात. तुमच्या सिम्युलेशनमध्ये पूर्ण डिस्कचं सरासरी तापमान याच्या जवळपास येत नसेल, तर हीट फ्लक्स टाकताना कुठेतरी चुकलंय. बऱ्याचदा दोन बाजूंपैकी एकच बाजू धरलेली असते, किंवा चारही चाकांची ऊर्जा एकाच डिस्कवर ओतलेली असते.

आता हवेकडे येऊ. गाडी ४ सेकंदांत थांबली असं धरा. म्हणजे डिस्कमध्ये सरासरी ४० किलोवॅट शिरतायत. हवेने थंड होण्याचं प्रमाण सढळ हाताने मोजू: चौरस मीटरमागे, अंशामागे १०० वॅट, पृष्ठभाग ०.१५ चौरस मीटर. हवेपेक्षा डिस्क १०० अंशांनी गरम. उत्तर दीड किलोवॅट. चाळीस आत, दीड बाहेर. तरीही एकाच थांबण्याचं सिम्युलेशन करून 'व्हेंटिलेटेड डिस्क साध्या डिस्कपेक्षा इतक्या टक्क्यांनी चांगली' असा निष्कर्ष काढणारे पेपर तुम्हाला दिसतील. असा निष्कर्ष दिसला की एकच विचारा: दोन्ही डिस्कचं वजन सारखं होतं का? नसेल, तर त्या टक्क्यांमध्ये हवेचा वाटा नाममात्र आहे. ती वजनाची तुलना आहे.

मग हवा कधी महत्त्वाची?

घाटात. बोरघाट उतरताना ट्रकच्या चाकांजवळून येणारा तो जळका वास आठवा. (आपल्याकडच्या ट्रकना बहुधा ड्रम ब्रेक असतात, पण ऊर्जेचा हिशोब तोच.) ब्रेकच्या मान्यतेसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक १३ आहे. अवजड वाहनांसाठी त्यातली टाइप-दोन चाचणी नेमकी घाटाची आहे: पूर्ण भरलेलं वाहन ६ टक्के उतारावर, ताशी ३० किमीने, ६ किलोमीटर. म्हणजे १२ मिनिटं. हिशोब केला तर वाहनाच्या प्रत्येक टनामागे सुमारे ४.९ किलोवॅट सतत, एकूण साडेतीन मेगाज्यूल. ताशी १०० वरून एकदा थांबण्यात प्रत्येक टनामागे जेवढी ऊर्जा बाहेर पडते, त्याच्या नऊपट. यातला काही भाग इंजिन आणि टायर खातात. तरी १२ मिनिटांच्या खेळात हवा खरी खेळाडू आहे, आणि तिथे व्हेंटिलेशनवर पानं खर्च करणं योग्य आहे.

कारसाठीची चाचणी आणखी बोलकी आहे. नियम १३-एच मधली टाइप-एक: कमाल वेगाच्या ८० टक्क्यांवरून, पण १२० च्या वर नाही, निम्म्या वेगावर यायचं. असं १५ वेळा, दर ४५ सेकंदांनी. मग लगेच, डिस्क गरम असतानाच, पुन्हा ब्रेक मारून बघायचं. गरम ब्रेकची कामगिरी ठरलेल्या किमान कामगिरीच्या ७५ टक्क्यांखाली आणि त्याच गाडीच्या थंड ब्रेकच्या ६० टक्क्यांखाली जाता कामा नये.

आता हे पुन्हा वाचा. नियम कुठेही 'डिस्क किती तापली' असं विचारत नाही. नियम विचारतो, 'तापल्यावर गाडी थांबते का?' आपला पेपर मात्र तापमानावर येऊन थांबतो. आणि तापल्यावर गाडी थांबते का हे तो सांगूच शकत नाही, कारण त्याने घर्षणांक ०.३५ किंवा ०.४ असा एकदा धरून सोडून दिलेला असतो. पॅडमधलं फिनॉलिक रेझिन तापून विघटित व्हायला लागलं की घर्षणांक घसरतो आणि पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. त्यालाच फेड म्हणतात. ब्रेकमध्ये तापमानाची भीती मुळात या कारणासाठी आहे, आणि नेमकं तेच मॉडेलच्या बाहेर ठेवलेलं असतं.

निकाल 'सॉल्व्ह' दाबण्याआधीच लागलेला असतो

आता त्या मटेरियलच्या तक्त्याकडे वळू. डिस्कचा आकार तोच ठेवून फक्त मटेरियल बदललं, तर सरासरी तापमान घनता गुणिले विशिष्ट उष्णता या एका आकड्यावर ठरतं. घनमीटरमागे, अंशामागे बिडासाठी तो साधारण ३.६ मेगाज्यूल, स्टीलसाठी ३.७, अ‍ॅल्युमिनियमसाठी २.४. म्हणजे तेवढ्याच आकाराची अ‍ॅल्युमिनियमची डिस्क सरासरी दीडपट तापणार.

पण ब्रेकिंगच्या सुरुवातीच्या क्षणी पृष्ठभाग किती तापतो, ते दुसऱ्या आकड्यावर ठरतं: वाहकता, घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. इथे क्रम उलटतो. अ‍ॅल्युमिनियम उष्णता झटकन आत ओढून घेतं, म्हणून त्याचा पृष्ठभाग थंड राहतो; बीड मधोमध; स्टेनलेस स्टील उष्णता आत जाऊ देत नाही, म्हणून त्याचा पृष्ठभाग सर्वांत गरम.

म्हणजे बघा, सिम्युलेशन किती सेकंदांचं चालवलं यावर 'सर्वांत योग्य मटेरियल' बदलू शकतं! थोडा वेळ चालवलं तर अ‍ॅल्युमिनियम जिंकतं, खूप वेळ चालवलं तर बीड. आणि तो कालावधी लेखकाने का निवडला, हे पेपरमध्ये सहसा कुठेच नसतं. माझ्यात नव्हतंच. मी ६ सेकंद घेतले होते, कारण ज्या पेपरवरून मी मॉडेल उचललं त्यात ६ होते.

आता दारातल्या मोटारसायकलकडे बघा. आपल्या तक्त्यात स्टेनलेस स्टील शेवटच्या नंबरवर आलं, पण तिची पुढची डिस्क बहुतेक करून स्टेनलेसचीच आहे. कंपन्यांना हे कळत नाही का? कळतं. ती डिस्क पातळ आहे, उघड्यावर आहे, पावसात भिजते, सतत नजरेसमोर असते. बिडाची असती तर रात्रीत गंज चढला असता. आणि ऊर्जा कमी आहे: चालकासह २०० किलोची बाइक ताशी ८० वर असेल तर जेमतेम ४९ किलोज्यूल. तिथे गंजाचा प्रश्न तापमानापेक्षा मोठा आहे. उलट बाजूने, सुरुवातीच्या लोटस एलिस या हलक्या स्पोर्ट्स कारला खरोखरच अ‍ॅल्युमिनियम कंपोझिटच्या डिस्क होत्या. पुढे कंपनी पुन्हा बिडाकडे वळली. कार्बन-कार्बन विमानांत आणि फॉर्म्युला वनमध्ये चालतं, कारण ते तिथे चांगलंच तापतं; थंड असताना त्याची पकड कमी असते. बाजारात सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या सिग्नलला थांबायचं असेल, तर तेच मटेरियल धोक्याचं. तक्त्यातला एक कॉलम यातलं काहीच सांगत नाही.

आलेख वाचायची एक युक्ती

तापमान-वेळ आलेख दिसला की सर्वांत वरचा बिंदू कुठे आहे ते बघा. गाडी एकसारखी मंदावत असेल तर वेग सरळ रेषेत कमी होतो, म्हणून शिरणारी उष्णताही सरळ रेषेत शून्यावर येते. जाड पदार्थासाठी गणित केलं तर पृष्ठभागाचं कमाल तापमान बरोबर निम्म्या वेळेला येतं. खऱ्या डिस्कची जाडी मर्यादित असते, म्हणून ते थोडं पुढे सरकतं. पण गाडी थांबण्याआधीच आलेख खाली वळलेला असायला हवा. शेवटच्या क्षणापर्यंत चढतच गेला असेल, तर लेखकाने सुरुवातीचा फ्लक्स शेवटपर्यंत तसाच ठेवलाय, किंवा घाट उतरतोय आणि सांगायला विसरलाय. ही तपासणी पेपर हातात आल्यावर अर्ध्या मिनिटात होते.

दुसरी युक्ती 'व्हॅलिडेशन' या शब्दाची. आमचे निकाल अमुक पेपरशी जुळतात, असं लिहिलेलं असतं. तो अमुक पेपर उघडा. तोही सिम्युलेशनचाच असेल, तर दोन सॉफ्टवेअरनी एकच समीकरण सोडवलं एवढंच सिद्ध झालं. खरी डिस्क कुठेच आली नाही. आणि खरी मोजणीही डोळे झाकून घेऊ नका. घासून चकचकीत झालेल्या डिस्कवर इन्फ्रारेड गन धरली, तर चमकणाऱ्या धातूची उत्सर्जकता कमी असल्यामुळे आकडा कमी दिसतो. डिस्कला टेकून घासत राहणारा थर्मोकपल किंवा पॅडमध्ये पुरलेला थर्मोकपल कटकटीचा असतो, पण तो काय मोजतोय हे तरी सांगता येतं.

मग चांगलं काम कसं दिसतं?

नुसती टीका करून थांबत नाही. याच विषयातलं एक काम शेजारी ठेवू. १९६९ मध्ये जे. आर. बार्बर यांनी रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये एक पेपर लिहिला. कल्पना अशी: दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर घासतायत. कुठेतरी दाब अगदी किंचित जास्त आहे. तिथे घर्षण जास्त, म्हणून उष्णता जास्त. उष्णता जास्त म्हणून तो भाग फुगतो. फुगला म्हणून तिथला दाब आणखी वाढतो. एका बाजूने हे चक्र चालू असतं, दुसऱ्या बाजूने वाहकता ती उष्णता पसरवून उंचवटा सपाट करत असते. वेग कमी असेल तर वाहकता जिंकते. एका ठरावीक वेगापलीकडे चक्र जिंकतं आणि सगळा भार काही मोजक्या ठिपक्यांवर जमा होतो. याला थर्मोइलॅस्टिक अस्थिरता म्हणतात. गॅरेजमध्ये जुन्या डिस्कवर निळसर-काळे डाग बघितले असतील, आणि ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरल्याचं कुणाकडून ऐकलं असेल. त्यामागचं एक कारण हेच. त्या ठिपक्यांवर बीड इतकं तापून झटकन थंड होतं की तिथे कडक मार्टेन्साइट तयार होतं, आणि मग डाग जाता जात नाही.

इथे प्रश्न आधी आहे: उष्णता सगळीकडे सारखी शिरायला हवी, मग ठिपके का पडतात? आपल्या पेपरला हा प्रश्न पडूच शकत नाही, कारण तो पहिल्याच पायरीवर फ्लक्स सगळीकडे सारखा धरतो. जे समजून घ्यायचं, तेच गृहीतकाने पुसून टाकलेलं.

पुढची पायरी मला जास्त आवडते. १९७३ मध्ये बर्टन आणि सहकाऱ्यांनी तो ठरावीक वेग काढायचं गणित मांडलं, पण दोन्ही पदार्थ अमर्याद जाड धरून. ते ब्रेकला लावलं तर उत्तर प्रत्यक्षापेक्षा फार मोठं येतं, म्हणजे ठिपके पडायलाच नकोत. १९९३ मध्ये ली आणि बार्बर यांनी एकच गृहीतक बदललं: डिस्कला जाडी दिली आणि ती दोन पॅडच्या मध्ये ठेवली. तो वेग खाली आला, आणि ठिपके दोन बाजूंना समोरासमोर न पडता आलटून-पालटून पडतील असं गणिताने सांगितलं. खऱ्या डिस्कवरही तसे दिसतात.

त्यांच्या कामातही खोट काढता येते, आणि काढावीच. त्यांची डिस्क गोल नाही, सरळ पट्टी आहे. पॅड डिस्कच्या पूर्ण लांबीला भिडलेला आहे. खरा पॅड एका छोट्या कमानीपुरताच असतो. अस्थिरता कधी सुरू होईल हे ते गणित सांगतं, पुढे ठिपका किती तापेल हे नाही. पण फरक बघा: या उणिवांतून पुढच्या माणसाचा पेपर निघतो. आपल्या पेपरच्या उणिवेतून फक्त पाचवं मटेरियल निघतं.

आणि मटेरियलची तुलना करायचीच असेल तर इथे करा ना! या गणितात वाहकता वाढली की तो वेग वाढतो. घर्षणांक, ताठपणा आणि प्रसरण वाढलं की कमी होतो. म्हणजे पॅड किती मऊ आहे हा प्रश्नही डिस्कच्या मटेरियलइतकाच महत्त्वाचा होतो.

तुमच्या सिनॉप्सिसआधी

अशा पेपरांवर मी फार कठोर होतोय असं वाटेल. ते करताना मेश शिकता येतो, बाउंड्री कंडिशन शिकता येते. सराव म्हणून ते उत्तम आहे. अडचण सरावाला संशोधन म्हणण्यात आहे. आणि त्याचा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. डेडलाइन असते, गाईडकडे दहा विद्यार्थी असतात, सॉफ्टवेअर लॅबमध्ये असतं, डायनॅमोमीटर नसतो. पेपर छापून आणायचा दबाव असतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीने पीएचडीसाठी पेपरची सक्ती काढली, तरी सवय अजून गेलेली नाही.

म्हणून लॅपटॉप उघडण्याआधी एका कागदावर एवढं लिहा. माझ्या डिस्कमध्ये किती ऊर्जा शिरते, हाताने काढून? मी किती वेळ बघतोय आणि का? तुलनेत वस्तुमान सारखं ठेवलंय का? मी जे गृहीत धरतोय, त्यात माझा प्रश्नच तर पुसला जात नाही ना? आणि उत्तर काहीही आलं तरी कोण काय वेगळं करेल?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, पण आज त्याला खरी उत्तरं आहेत. युरोपच्या युरो ७ नियमाने पहिल्यांदाच ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवर मर्यादा घातली: बहुतेक पेट्रोल-डिझेल कारना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, पूर्ण इलेक्ट्रिक कारना ३. इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरच बरंचसं ब्रेकिंग करते, त्यामुळे डिस्क वापराविना गंजते, फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ ला मागे चक्क ड्रम ब्रेक दिले. तिथे डिस्क फार तापत नाही हीच अडचण आहे! जो पेपर फक्त 'तापमान कमी तेवढं चांगलं' एवढंच म्हणतो, त्याला हे वाक्य समजणारही नाही.

परीक्षकांच्या त्या प्रश्नानंतर मी घरी येऊन गणित केलं. ५४ अंश. माझ्या डिझर्टेशनमध्ये त्याच गाडीसाठी पृष्ठभागाचं तापमान दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत दिलेलं होतं; पण सरासरी वाढ बघितली तर ती जवळपास दुप्पट होती. दोन्ही बाजूंना एकेक बाजूचा फ्लक्स टाकण्याऐवजी मी दोन्ही बाजूंना पूर्ण फ्लक्स टाकला होता. दोन वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. निष्कर्षातला मटेरियलचा क्रम मात्र बरोबर होता, कारण तो चुकू शकतच नव्हता.

तुमच्या हातात सध्या असा एखादा पेपर असेल, तर आज रात्री त्याच्या बेस केसचं पाच मिनिटांचं गणित करा. जुळलं तर पुढे वाचा. नाही जुळलं, तर कदाचित तुमचा पहिला खरा प्रश्न तिथेच सापडेल.